अंगणातला विस्तव

अंगणात भाजण्या-शिजवण्यासाठी कोणती भट्टी घ्यावी, हा प्रश्न आता वाशिम-अकोल्याकडेही कानावर येतो. गावाबाहेर नवं घर बांधून मागे मोकळी जागा राखलेला शेतकरी विचारतो. हुरड्याच्या दिवसांत शेतावर पाहुणे बोलावणारा विचारतो. पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा मोबाइलवर चित्र दाखवून विचारतो की ही अंड्याच्या आकाराची सिरॅमिकची भट्टी घ्यावी, की तो धुराड्याचा लोखंडी स्मोकर? दोन्ही वस्तू चांगल्या आहेत आणि दोन्हींची माहिती पुढच्या पानांत सविस्तर दिली आहे. मात्र निवडीचा जो क्रम या पुस्तिकेत धरला आहे तो दुकानातल्या क्रमाच्या उलटा आहे. तो तसा का, हे आधी सांगायला हवं.

दुकानात प्रथम भट्टी दिसते. मग तिची चाकं, झाकण, थर्मामीटर, बाजूच्या फळ्या, आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यात ठेवलेली कोळशाची पिशवी. मी सुरुवात त्या पिशवीपासून करतो. आपल्या आसपास काय जळतं, कसं जळतं, त्याचा आर, म्हणजे निखारा, किती वेळ टिकतो, हे कळलं की त्यावर काय चांगलं होईल ते कळतं. काय रांधायचं आणि किती माणसांसाठी, हे ठरलं की भट्टी जवळजवळ आपोआप ठरते. ज्यांनी भट्टीपासून सुरुवात केली त्यांच्या महागड्या भट्ट्या ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण उघड्यावरच्या विस्तवावर रांधणं ही आपल्या भागाची फार जुनी आणि फार चांगली विद्या आहे.

मी हे जऊळक्यात बसून लिहितो आहे. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव अकोला–वाशिम–पूर्णा रेल्वेमार्गावर आहे, म्हणून जऊळका रेल्वे. मीटरगेजचे रूळ जाऊन ब्रॉडगेज आली, १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. पण या दोन्हींपेक्षा इथल्या चुलीवर जास्त परिणाम केला तो सोयाबीनने. ज्वारी आणि कपाशी जोरात होती तेव्हा धान्या-बोंडांबरोबर कडबा आणि पऱ्हाटी घरी यायची. कडब्यावर जनावरं जगायची, त्यांच्या शेणाच्या गवऱ्या व्हायच्या, पऱ्हाटीचे भारे चुलीशी रचले जायचे. सोयाबीनने हाती रोख पैसा दिला, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचं कुटार विस्तवावर टाकलं की भुर्रकन जळून जातं, त्याचा आर होत नाही. त्यातच ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या आणि शेणही कमी झालं. ज्या घरांत गवऱ्यांचे उडवे असायचे तिथे आता रोडग्यांसाठी गवऱ्या विकत आणतात. तूर मात्र सोयाबीनच्या ओळींमध्ये आंतरपीक म्हणून टिकली आणि तिच्याबरोबर तुराट्याही टिकल्या.

या इंधनांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. तुराटी हलकी; ती झटकन पेटते, उंच ज्वाळा देते आणि लवकर संपते. भरताच्या वांग्याला नेमकं हेच लागतं. साल काळी होऊन फुटली पाहिजे, आतला गर वाफेवर मऊ झाला पाहिजे आणि धुराचा वास सालीतून आत उतरला पाहिजे. गॅसच्या बर्नरवर वांगं भाजलं तर साल जळते, गर शिजतो, पण तिसरी गोष्ट होत नाही. खानदेशात पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत हा मोठा सोहळा असतो, आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन वांग्याला आहे. पण त्या भरताची निम्मी चव काडीची आहे, असं माझं मत आहे.

पऱ्हाटी तुराटीपेक्षा टणक. ती जरा सावकाश जळते आणि थोडा आर ठेवते. तिच्याबाबत एक गोष्ट शेतकऱ्याला माहीत असते, शहरातून येणाऱ्याला नसते. शेंदरी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून शेतातून काढावी, तिच्या गंजी शेताजवळ रचून ठेवू नयेत, असं कृषी खातं सांगत आलं आहे. तेव्हा पुढच्या वर्षीच्या पार्टीसाठी धुऱ्यावर पऱ्हाटी साठवायची हौस करू नये. हिवाळ्यात लागेल तेवढी वापरावी, उरलेली कुट्टी करून खतात घालावी.

बाभूळ जड आणि घट्ट लाकडाची. तिचा निखारा कडक, टिकाऊ आणि कमी राखेचा. मांस भाजायला आसपास मिळणाऱ्या इंधनांत मी तिलाच पहिला मान देतो. चिंचेचा कोळसाही तितकाच चांगला. आंब्याचं लाकूड मवाळ धूर देतं. कडुनिंबाचा धूर गोठ्यात डास घालवायला ठीक, खाण्यावर कडवट बसतो. कण्हेर विषारी आहे. तिची काडी विस्तवात तर नकोच, सळई म्हणूनसुद्धा नको. रंग लावलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या खिडक्यांच्या चौकटी यांच्या धुरात रंगाची आणि गोंदाची रसायनं असतात. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी काही जातींची झाडं तोडायला परवानगी लागते, कारण महाराष्ट्रात १९६४ पासून त्याचा कायदा आहे. वाळून पडलेल्या फांद्या वर्षभर गोळा केल्या तर एका घराच्या हौसेला त्या पुरतात.

आता गवरी, आणि गवरीबरोबर रोडगे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सिरॅमिक ग्रिल आणि स्मोकर यांच्याविषयी जे काही समजून घ्यायचं आहे त्यातलं बहुतेक रोडग्यात आधीच आहे.

गव्हाचं जरा भरड पीठ, त्यात तेलाचं मोहन, ओवा, मीठ. पीठ घट्ट मळायचं, पोळी लाटून तेल लावायचं, घड्या घालून तिचा गोळा वळायचा, म्हणजे आत पदर राहतात. गवऱ्या पेटवून त्यांचा धूर पूर्ण जाऊ द्यायचा. धूर असताना रोडगे टाकणारा माणूस घाईचा समजावा. गवऱ्या लाल होऊन वर राखेचा पातळ थर धरला की रोडगे आरावर मांडायचे आणि फिरवत राहायचे. बाहेरचं कवच कडक होऊन त्यावर डाग पडले की तेच रोडगे गरम राखेत आणि उरलेल्या आरात पुरून टाकायचे. आता त्यांना हात लावायचा नाही. आतला पदर न् पदर शिजायला पाऊण तास, तासभर लागतो. मग बाहेर काढून राख झटकायची, फडक्याने पुसायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण.

यात दोन वेगवेगळ्या उष्णता वापरल्या आहेत. पहिली समोरून येणारी, जोरदार, बाहेरचं कवच घडवणारी. दुसरी चारही बाजूंनी वेढणारी, मंद, बराच वेळ टिकणारी. आणि दोन्हींच्या मध्ये झाकण आहे ते राखेचं. राख हवा अडवते म्हणून आतला विस्तव सावकाश जळतो, आणि तीच उष्णता धरून ठेवते म्हणून रोडगा सगळीकडून शिजतो. सिरॅमिक ग्रिलची जाड भिंत आणि तिच्या वरच्या-खालच्या झडपा हेच काम करतात. हुरड्याची आगटीही याच घराण्यातली. जमिनीतल्या खड्ड्यात गवऱ्यांचा आर, त्यात खुपसलेली दुधात भरलेली कणसं, आणि खड्ड्याच्या भिंतींनी वाऱ्यापासून राखलेली धग.

हे जेवण फार पूर्वीपासून देवाच्याही पानात आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुड रचलं तेव्हा त्यातल्या सासुरवाशिणीच्या तोंडी भवानीला रोडगा वाहण्याचा नवस घातला. म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकाला रोडगा काय ते ठाऊक होतं. सळईवरचं मांसही आपल्याकडे नवं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, अन्नाच्या भागात, मांसाचे तुकडे सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजण्याची कृती आहे. विदेशी वस्तू विकत घेताना आपण काही नवीन शिकायला निघालो आहोत असं वाटून बुजायचं कारण नाही.

मातीचंही तसंच आहे. नागपूरकडे उपड्या मटक्यावर लांब पोळी भाजतात, खानदेशात खापरावर पुरणाचे मांडे टाकतात. खापर कुंभाराकडून येतं आणि चुलीवर पालथं बसतं. त्याला तापायला वेळ लागतो, पण एकदा तापलं की हातभर रुंद, कागदासारखी पातळ पोळी त्यावर एका दमात भाजून निघते, कारण मातीने साठवलेली उष्णता सगळीकडे सारखी असते. रायगडात पोपटीचं मडकं असतं. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आत भरून तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शेंगांची आणि पाल्याची वाफ आतच फिरते आणि सगळं तिच्यावर शिजतं. ज्याला सिरॅमिक ग्रिलमध्ये कोंबडी कोरडी का पडत नाही हे समजून घ्यायचं आहे त्याने एकदा पोपटी खावी.

आज अंड्याच्या आकाराची म्हणून जी भट्टी विकली जाते तिचं मूळ जपानात आहे. चुलीला तिथे कामाडो म्हणतात, आणि भात शिजवायची घुमटासारख्या झाकणाची मातीची भट्टी म्हणजे मुशिकामाडो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी अशा भट्ट्या मायदेशी नेल्या. १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात बिग ग्रीन एग ही कंपनी काढली, आणि पुढे साध्या मातीऐवजी जास्त ताप सोसणारं सिरॅमिक वापरात आलं. त्याच देशात १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन या कारागिराने पाण्यावर तरंगणारी लोखंडी बोयरं अर्ध्यात कापून झाकणाची गोल वेबर शेगडी बनवली होती. मातीने उष्णता धरायची, लोखंडाने लवकर तापायचं आणि लवकर निवायचं, या दोन वाटा तेव्हापासून शेजारी शेजारी चालल्या आहेत.

सिरॅमिकचा मोठा गुण काटकसर. झडपा जवळजवळ बंद करून ११० अंश सेल्सिअसच्या आसपास ती कोळशाच्या एकाच भरणीवर तासन्‌तास चालते. झडपा उघडल्या की साडेतीनशेच्या वर जाते आणि तंदूरसारखी रोटी भाजते. आत हवा कमी खेळते म्हणून पदार्थातला ओलावा कमी निघून जातो. मे महिन्याच्या झळांत किंवा पौषातल्या बोचऱ्या वाऱ्यात आतलं तापमान फारसं हलत नाही. आपल्या हवामानाला हा गुण फार उपयोगी आहे.

तिच्या अडचणीही तितक्याच स्पष्ट आहेत. साधारण ४६ सेंटिमीटर जाळीची भट्टी सत्तर किलोहून जड असते. ती एकदा जिथे बसली तिथेच राहणार. हातातून निसटली तर तडकते. तापमान एकदा वर गेलं की खाली आणणं कठीण, कारण भिंती तापलेल्या असतात. म्हणून ती सावकाश चढवावी लागते. पेटवायला रॉकेल किंवा इतर द्रव वापरायचे नाहीत, कारण माती ते शोषून घेते आणि पुढचे कित्येक दिवस जेवणाला वास येतो. लाकडाचा अखंड कोळसा तिला चांगला. दाबून केलेल्या वड्यांची राख जास्त होते आणि तळाची भोकं बुजतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे झडपा बंद करून मंद ठेवलेल्या भट्टीचं झाकण एकदम उघडू नये. आत कोंडलेल्या, हवेला भुकेल्या विस्तवाला अचानक हवा मिळाली की भडका उठतो. दोन बोटं उचलावं, थांबावं, मग पूर्ण उघडावं. ज्या घरात लहान मुलं भट्टीभोवती खेळतात त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे माहीत असलंच पाहिजे.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. या सगळ्या भट्ट्या एका छोट्या कुटुंबाच्या मापाने बनलेल्या आहेत. वऱ्हाडात विस्तवावरचं जेवण पंगतीचं असतं. मारुतीला नवस फेडायचा, शेतात सोंगणी आटोपली, लेकीचं काही शुभ झालं, की आळीतली, भावकीतली माणसं येतात. साठ माणसांचे रोडगे कोणत्याही सिरॅमिक भट्टीत होणार नाहीत. त्यांना जमिनीवर अंथरलेला आरच हवा. आठ-दहा माणसांचं जेवण आणि तेही आठवड्या-पंधरवड्याला करणार असाल तरच तिच्यात पैसे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता स्मोकर. त्याचं काम वेगळं आहे. मंद उष्णतेबरोबर धूर हा त्यात मसाल्यासारखा वापरला जातो. लाकडातलं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायकोलसारखे फिनॉल तयार होतात. धुराची जी गोडसर, खमंग चव ओळखीची वाटते ती मुख्यतः त्यांची. पण हे साधायला लाकूड वाळलेलं हवं आणि विस्तवाला हवा भरपूर हवी. धुराड्यातून पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा धूर निघाला की काम नीट चाललं आहे. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड धुमसतं आहे, आणि त्याची कडवट पुटं मांसावर बसणार. इथे पुन्हा गवऱ्यांचा नियम आठवावा, की धूर निवळेपर्यंत थांबायचं.

आडवा, बाजूला विस्तवाची पेटी असलेला स्मोकर माणसाला दिवसभर बांधून ठेवतो. अर्ध्या-पाऊण तासाने त्याला लाकूड घालावं लागतं. पातळ पत्र्याचा असला तर उष्णता गळते आणि वाऱ्यात तापमान नाचतं; घ्यायचाच तर सहा मिलिमीटरच्या आसपास जाड पत्र्याचा घ्यावा. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारे, पंखा आणि नियंत्रक असलेले स्मोकर अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात आणले. त्यांना सतत वीज लागते आणि त्या गोळ्या लागतात. उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात मी ते कोणाला सुचवणार नाही.

आपल्याकडे बरेच जण वेल्डिंगच्या दुकानातून दोनशे लिटरच्या बॅरलचा स्मोकर करून घेतात. कल्पना उत्तम आहे आणि खर्चही थोडा, पण बॅरल कसलं ते आधी विचारा. कीटकनाशकाचं किंवा रसायनाचं असेल तर कितीही धुतलं, जाळलं तरी ते वापरू नका. आतून रंगाचा लेप असेल तर तो पूर्ण जाळून, घासून काढावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, पाइप किंवा पत्रा आत कुठेही नको, कारण तापल्यावर त्यातून निघणारा जस्ताचा धूर आरोग्याला घातक असतो. साधं लोखंड गंजतं, तर गंजू द्या. तेल लावून ते सांभाळता येतं.

स्मोकरच्या पाककृती बहुतेक अमेरिकेतून येतात, आणि त्या गाईबैलाच्या किंवा डुकराच्या मोठ्या, चरबीदार, चिवट तुकड्यांसाठी लिहिलेल्या असतात. तिथे बारा-बारा तास लावण्याचं कारण कोलॅजेन. स्नायूंना बांधून ठेवणारा हा चिवट भाग मंद उष्णतेत हळूहळू विरघळून जिलेटिन होतो आणि मांस सुटं पडतं. मध्येच, आतलं तापमान सत्तर अंशांच्या आसपास आल्यावर, ते काही तास पुढेच सरकत नाही. पृष्ठभागावरून उडणारं पाणी घाम निघावा तसं मांसाला थंड ठेवत असतं. पहिल्यांदा करणारा इथे घाबरून आच वाढवतो, आणि मांस वाळून जातं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा गाईबैलाच्या मांसाच्या पाककृती इथे जशाच्या तशा चालवण्याचा प्रश्नच येत नाही. आपलं मटण बोकडाचं. बोकडाच्या मांडीत आणि खांद्यात कोलॅजेन भरपूर असतं, पण चरबी कमी. त्याला उघड्या धुरात बारा तास ठेवलं तर लाकूड होतं. तासा-दोन तासांचा धूर, मग पळसाच्या पानांत किंवा मडक्यात बंद करून मंद धग, ही रीत त्याला मानवते. गावरान कोंबडीलाही तेच. कोणत्याही कोंबडीचं आतलं तापमान ७४ अंशांना पोचल्याशिवाय ती वाढू नये. त्यासाठी साधा सुईचा थर्मामीटर घ्यावा. अख्ख्या खरेदीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू तीच.

आणि केवळ धुराचा वासच हवा असेल तर? मग स्मोकर घेऊच नका. मठ्ठ्याच्या, वरणाच्या किंवा भरताच्या भांड्यात एका वाटीत लाल निखारा ठेवून त्यावर तुपाची धार सोडायची आणि झाकण घालायचं, हे आपल्या घरांत होतच आलं आहे. शाकाहारी घराला याहून जास्त धुराची गरज क्वचितच पडते.

कोळशाविषयी एक महाराष्ट्रातलं काम सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला जमणार नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली. बंद पिंपात पाचटाचा कोळसा करायचा, खळीत कालवायचा आणि त्याच्या कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘सराई’ कुकरमध्ये अशा शंभर ग्रॅम कोळशाच्या आसपास एका छोट्या कुटुंबाचा वरण-भात वाफेवर होतो. विदर्भात पाचट थोडं, पण पऱ्हाटी आणि तुराटी आहे, आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून कोळसा करण्याचं तत्त्व तेच. आपल्या शिवारातली पऱ्हाटी आपल्याच भट्टीत कोळसा होऊन यावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. त्यासाठी लागणाऱ्या पिंपाची रचना पुस्तिकेच्या शेवटी दिली आहे.

धुराचं एवढं कौतुक केल्यावर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात, रोज दोन्ही वेळा, ओल्या लाकडाच्या धुरात भाकऱ्या थापलेल्या बायांचे डोळे आणि फुप्फुसं त्या धुराने खाल्ली. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गावोगाव गॅसची जोडणी पोचवली, हे मला फार मोठं काम वाटतं, आणि सिलिंडर परवडत नाही म्हणून जी चूल आजही पेटते तिचं दुःखही तितकंच मोठं वाटतं. म्हणून या पुस्तिकेत सांगितलेला विस्तव हौसेचा, अधूनमधूनचा, आणि पूर्ण उघड्यावरचा आहे. कोळशाची शेगडी थंडीत घरात, गाडीत किंवा तंबूत नेऊ नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेत जीव घेतो. आणखी एक विनंती आहे. अंगणातल्या भट्टीची सगळी तयारी आणि भांडी घरातल्या बायकांवर आणि फिरवणं-कौतुक पुरुषांकडे, अशी वाटणी करू नका. रोडग्याच्या पंगतीत गडीमाणसं पीठ मळतात, गवऱ्या रचतात, भाजतात. ती पद्धत चांगली आहे.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतही ही पुस्तिका जाईल अशी आशा आहे. विजेच्या चुलीवर वांगं भाजता न येणारी कितीतरी घरं मागच्या अंगणातल्या शेगडीवर भरीत करतात. त्यांना एवढंच सांगतो की इमारतीच्या लाकडी गच्चीत कोळसा पेटवण्याआधी तिथले नियम पाहा. पुष्कळ ठिकाणी त्याला मनाई असते.

इकडे नियम वाऱ्याचा. फाल्गुनापासून पुढे गावात सगळीकडे कुटाराच्या गंजी, वाळलेला कडबा आणि गवताची छपरं असतात. एक उडालेली ठिणगी गोठा संपवते. भट्टी गंजीपासून आणि छपरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी, आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली. चैत्र-वैशाखात मी उघडा जाळ करतच नाही. आपला हंगाम कार्तिक ते माघ. तुराट्या, हुरडा, वांगी आणि थंडी हे सगळं तेव्हाच एकत्र येतं.

भट्टी मातीची असो, विटांची असो की सिरॅमिकची, पावसाळ्यात ती झाकून ठेवावी. तरीही तिने दमट हवा शोषलेलीच असते. दसऱ्यानंतर तिच्यात पहिल्याच दिवशी मोठा जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन भिंत तडकते. पहिल्या दिवशी मूठभर काड्यांचा तासभर जाळ करा आणि भट्टी निवू द्या. दुसऱ्या दिवशी थोड्या निखाऱ्यावर वांगी भाजून घ्या. बाहेरून हात लावल्यावर भिंत कोरडी वाटली आणि कुठे ओला डाग दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी गवऱ्या रचा आणि रोडग्यांचं पीठ मळायला घ्या.